पुनर्विकास चालू असलेल्या भागात तात्पुरती ‘खूण’ उभारायची, तर डिझाइनची सुरुवात कुठून करावी?

आजूबाजूला पाडकाम-बांधकाम चालू असताना पाच-सहा वर्षांपुरतं चौकात काहीतरी उभारायचंय, तर आकार कसा ठरवू, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आकाराचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी त्या वस्तूला काहीतरी काम द्या.

बर्लिनमधल्या पॉट्सडामर प्लाट्स भागात १९९५ साली खड्डे आणि क्रेनशिवाय बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. तिथे तिरक्या खांबांवर एक लालभडक पेटी उभी केली, ‘इन्फो बॉक्स’. पेटीच्या आत त्या भागात होणाऱ्या इमारतींची माहिती, वर गच्ची. बांधकामाला वैतागलेला माणूसही वरून खाली डोकवायला मिळालं की अर्धा तास रमतो. २००१ मध्ये ती पेटी काढून टाकली.

उलट उदाहरण लंडनचं. २०२१ मध्ये मार्बल आर्चजवळ परांचीवर हिरवळ चढवून २५ मीटर उंच टेकडी केली. खर्च सुमारे ३३ लाख पौंडांवरून ६० लाखांवर गेला, ऐन उन्हाळ्यात लावलेली झाडं धड रुजली नाहीत आणि पैसे मोजून वर गेलेल्यांना समोर झाडांचे शेंडे दिसले. टीकेनंतर प्रवेश फुकट करावा लागला. गंमत म्हणजे, ही टेकडी करणाऱ्याच एमव्हीआरडीव्ही या वास्तुरचनाकार फर्मने २०१६ मध्ये रॉटरडॅम स्टेशनसमोर परांचीचाच १८० पायऱ्यांचा जिना उभारला होता, तो लोकांनी डोक्यावर घेतला. तो थेट एका इमारतीच्या गच्चीवर जायचा आणि तिथून शहर खरंच दिसायचं. म्हणून चित्र काढण्याआधी प्रस्तावित उंचीवर ड्रोन नेऊन फोटो काढा. आणि त्यावर येत्या पाच वर्षांत उठणाऱ्या इमारती रेखाटून बघा. आज लांबून दिसणारी वस्तू दोन वर्षांत झाकली जाऊ शकते.

रंगरूपाची माझी कसोटी सोपी आहे: फोनवर पत्ता सांगताना दोन शब्दांत उरकलं पाहिजे. ‘लाल पेटीपाशी ये.’ बस्स.

पाया शक्यतो खणू नका. खाली कुठल्या केबल, कुठली पाइपलाइन, याचे नकाशे अशा भागात क्वचितच धड असतात. त्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे ठेवून वजनावर उभं करा. वाऱ्याचा हिशोब मात्र इंजिनिअरकडून नीट करून घ्या. उघड्या परांचीतून वारा बराचसा निघून जातो, पण तिच्यावर फ्लेक्स ताणला की तिचं शीड होतं. आणि फ्लेक्स लावायला कोणीतरी प्रायोजक येणारच, तेव्हा तो भार पहिल्याच दिवशी धरा.

जोड वेल्डिंगचे नकोत, नट-बोल्टचे हवेत. उतरवण्याची तारीख, खर्च आणि सामान कोणाच्या ताब्यात जाणार हे उभारणीच्याच निविदेत लिहा. नंतर त्यासाठी वेगळे पैसे कोणी मंजूर करत नाही.