सव्वा महिन्याची वाट कशाला?

मन आणि हार्मोन यांबद्दल मला, एका डॉक्टरला, प्रश्न तेच येतात, फक्त गावं बदलतात. म्हणून एकदाच, सगळ्यांना मिळून.

प्रश्न : सतत ताण असतो, रडू येतं. लॅबवाले सेरोटोनिन आणि कॉर्टिसॉलचं पॅकेज सांगताहेत. करू का?

उत्तर : नको. सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन, पण शरीरातलं 90 टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि रक्तातलं मेंदूत शिरत नाही. त्या आकड्यावरून मन कसं कळणार? कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन, ते सकाळी जास्त आणि रात्री कमी असतंच. एका नमुन्यावरून ‘ताणाची पातळी’ सांगणारा तुमच्या खिशाची पातळी बघतोय. थायरॉइड, हिमोग्लोबिन तेवढं बघा आणि डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते म्हणे?

उत्तर : व्यसन लागत नाही, मात्र बंद करायच्या त्या हळूहळू, डॉक्टरांना विचारून. सवय लागते ती चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची, आणि त्याबद्दल मला कुणी विचारत नाही.

प्रश्न : मुलीला बाळंत होऊन 24 दिवस झाले. रडते, ‘मला जमणार नाही’ म्हणते. विहीणबाई म्हणतात, ओली बाळंतीण आहे, सव्वा महिन्यात सावरेल.

उत्तर : वार पडली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत धाडकन उतरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणं त्यामुळे साहजिक. ते साधारण 2 आठवड्यांत ओसरतं. तुमच्या मुलीची ती मुदत उलटून गेली. हार्मोन सगळ्यांचेच उतरतात, आजारी सगळ्या पडत नाहीत. पूर्वी कधी डिप्रेशन झालेलं असेल, घरात धुसफूस असेल, ‘पुन्हा मुलगीच’ हे रोज कानावर पडत असेल, तर धोका वाढतो.

माझ्याकडे बाळंतीण येते तेव्हा उत्तरं आजी देतात. मांडीवर बाळ, आणि ‘खाते, झोपते, बरी आहे.’ मी आजींना बाहेर बसवते आणि एवढंच विचारते : बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? पुष्कळदा तिथेच बांध फुटतो. मग कळतं, डिंकाचे लाडू डब्यात तसेच आहेत आणि दृष्ट तीनदा काढून झालीय. दृष्ट काढा हो, माझी हरकत नाही. पण मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या की रिक्षा बोलवा! बाळंतपणानंतरचं डिप्रेशन हेरायला 1987 पासून एडिनबरा प्रश्नावली आहे, अवघे 10 प्रश्न. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत. सर्ट्रालीन हे डिप्रेशनवरचं औषध दुधात फार थोडं उतरतं. कोणतं द्यायचं ते तिला तपासणारे ठरवतील.

ती असंबद्ध बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, बाळाबद्दल किंवा स्वतःच्या जिवाबद्दल भलतंसलतं बोलली, तर त्याच दिवशी रुग्णालय, आणि तोवर तिला बाळासोबत एकटं सोडायचं नाही. हजारात एक-दोघींना होणारा बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, असाच सुरू होतो. मध्यरात्री काही सुचलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 लावा.

प्रश्न : पाळीच्या आधी आठवडाभर मी माझी राहत नाही. नाटक म्हणतात सगळे.

उत्तर : नाटक नाही. दोन पाळ्या होईपर्यंत मन कसं होतं त्याची रोज एक ओळ लिहा आणि ती वही डॉक्टरांकडे घेऊन जा. निदान त्यावरच होतं.

प्रश्न : बायपोलरसाठी (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं तो आजार) व्हॅल्प्रोएटची गोळी चालू आहे. आता मूल हवंय.

उत्तर : स्वतःहून बंद करू नका, पण दिवस राहण्याची वाटही बघू नका. या औषधानं गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूत दोष राहू शकतो, म्हणून गोळी आधी बदलतात. बदल बसायला वेळ लागतो. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. तोवर गर्भनिरोधक चालू ठेवा.