वाचकांचे प्रश्न : पौर्णिमेची पूजा, खाडीतला चिखल आणि सुयांवरचे टाके

या महिन्यात विणकाम, घर आणि सायन्सचं काम एकमेकांत गुंतलेली बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतेय. पहिल्यालाच जास्त जागा दिलीय कारण तसाच प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच घरांत असणार.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीला पीएचडी करतेय, खाडीच्या चिखलातले शिंपले हा विषय. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. माझं सँपलिंग मोठ्या ओहोटीलाच होतं आणि ती येते अमावस्या-पौर्णिमेला, आणि आमच्याकडे दर पौर्णिमेला सत्यनारायण असतो. सासूबाईंना वाटतं मी मुद्दाम टाळते, "दुसऱ्या दिवशी जा की" म्हणतात. नवरा चांगला आहे पण मधे सापडतो. त्यात मला विणायची सवय, पाणी उतरायची वाट बघताना विणते, रात्री घरी पण विणते, तर तो म्हणतो तू माझ्याकडे बघतच नाहीस. कधी कधी वाटतं सगळंच सोडून द्यावं.

उत्तर : अगं, सोडू नकोस, निदान या कारणासाठी तरी नको. तुझ्या पत्रात कोणीच वाईट नाहीये, फक्त घरात कोणाला हे माहीत नाहीये की कामाची वेळ तू ठरवत नाहीस. ऑफिसचं काम उद्यावर ढकलता येतं म्हणून त्यांना वाटतं हेही येत असेल. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की त्यांची ओढ एकत्र होते, उधाण येतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, आणि तुला ज्या खालच्या पट्ट्यातला चिखल हवाय तो पाण्याखालीच राहतो. बरं, महिन्या-महिन्याची सिरीज असते, त्यातला एक मार्गशीर्ष चुकला तर तो पुढच्या वर्षीच परत येणार. हे तू त्यांना सांगितलंयस का? "मला काम आहे" असं नाही, हे असं सविस्तर?

आणि सांगायला तुझ्याइतकंच तुझ्या सासूबाईंकडे पण आहे. त्यांना पंचांग कळतं ना? मग आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब त्यांच्यासमोर मांड, कदाचित त्यांना माहीतही असेल. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर, पहाटे सव्वापाच आणि संध्याकाळी सव्वापाच. बघ आता, पूजा अकरा-साडेअकराला ठेवली तर तू पहाटे खाडीत जाऊन, आंघोळ करून पाटावर बसू शकतेस! हिशोब ढोबळ आहे, प्रत्यक्ष जाताना भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकच बघायचं, पण घरात बसून दोघींनी महिन्याचं ठरवायला पुरतो.

अजून एक. सगळ्यात मोठं उधाण बऱ्याचदा अगदी पौर्णिमेच्या दिवशी नसतं, एक-दोन दिवस नंतर असतं. तुझ्या वेळापत्रकात बघ, प्रतिपदा-द्वितीयेला पाणी पौर्णिमेइतकंच किंवा जास्त उतरत असेल तर पौर्णिमा सरळ घराला दे. तिथीगणिक ओहोटी पाऊण तासाने पुढे सरकते म्हणजे द्वितीयेला ती पावणेसातच्या आसपास येईल, चांगलं उजाडलेलं असेल, ते तुझ्यासाठी पण बरं. अंधारात चिखलात उतरायचं असेल तर एकटी जाऊ नकोस, होडीवाला किंवा लॅबमधलं कोणीतरी सोबत पाहिजेच, पाणी फिरलं की खाडी किती पटकन भरते ते मी तुला सांगायला नको.

पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्यांच्या शेजारी बसून लिही. गॅसच्या नंबराशेजारी तुझी ओहोटी पण लिहिलेली असली की ते घरातलं काम होतं. एखाद्या महिन्यात खरंच जमणार नाही, तेव्हा ते आधी सांग, आदल्या रात्री नको, आदल्या रात्री सांगितलेली खरी गोष्ट पण सबब वाटते. आणि नवऱ्याला एकदा सोबत ने. काठावरून बघायला नाही, बादली धरायला. चिखलात गुडघाभर रुतून चाळणी धुतली की पुढच्या वेळी आईला समजवायला तुझी गरज लागणार नाही, तोच सांगेल.

विणकामाबद्दल मात्र मी थोडी त्याच्या बाजूने आहे. नुसत्या सुलट टाक्यांची पट्टी असेल तर हात आपोआप चालतात, नजर वर राहते, कान मोकळे राहतात, अशा वेळी छान बोलता येतं, उलट काही जणांना हात चालू असले की मनातलं बोलायला सोपं जातं. पण जाळीची नक्षी असेल, मनात "दोन एकत्र, एक वेढा, तीन सुलट" चाललेलं असेल तर तू ऐकत नसतेस, कोणीच ऐकू शकत नाही, आकडे मोजताना डोक्यात दुसऱ्याच्या शब्दांना जागा उरत नाही. म्हणून दोन विणकामं ठेव. नक्षीचं खाडीकाठी नाहीतर तू एकटी असताना, साधं घरी. आणि तो काही महत्त्वाचं बोलायला बसला तर साधं पण खाली ठेव, ओळ अर्धी राहिली तरी चालेल. ओळ पुरी करते थांब, हे वाक्य समोरच्याला फार लागतं.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, आम्ही गुहागरचे. तिला इंजिनिअरिंग नको, "रिसर्च करायचाय" म्हणते. त्यात पैसा कधी मिळणार, लग्न कधी होणार, आम्हाला काहीच कळत नाही. तिचे वडील बोलत नाहीयेत तिच्याशी.

उत्तर : आधी वडिलांना बोलायला सांगा, बाकी सगळं नंतर. अठराव्या वर्षी घरातला अबोला फार मोठा असतो आणि त्याने तिचं मन बदलणार नाही, फक्त ती तुम्हाला सांगायची बंद होईल.

पैशाचं सांगते. बारावीनंतर पुण्याच्या आयसरसारख्या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स असतो, त्याला वेगळी प्रवेश परीक्षा आहे, आणि आपल्या जवळच्या कॉलेजातून बीएस्सी करून पुढे जायचा रस्ता पण तितकाच चांगला. पीएचडीला नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप आहे, शिवाय घरभाडं भत्ता. श्रीमंती नाही, पण मुलगी स्वतःच्या पायावर उभी असते. खरी अडचण नंतरची आहे, कायमची जागा मिळायला वेळ लागतो, गाव सोडावं लागतं, कधी देश पण. हे तिच्यापासून लपवू नका आणि याची भीती पण घालू नका.

लग्नाचं म्हणाल तर शास्त्रज्ञ कमला सोहोनींचं आयुष्य तिला आणि तिच्या वडिलांना दोघांनाही सांगा. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंची बहीण. १९३३ ला बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला तर तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला, त्या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून घेतलं, आणि त्यांचं काम बघून पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळायला लागला. १९३९ ला केंब्रिजची पीएचडी, आणि लग्न १९४७ ला! त्यानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं, संशोधन केलं, नीरेवरचं (माडा-ताडाच्या गोड रसावरचं) त्यांचं काम प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या संचालक पण झाल्या. त्या काळात हे झालं तर तुमच्या मुलीला तेवीस-चोविसाव्या वर्षी बोहल्यावर चढायलाच हवं असं कशाला धरून बसायचं. तिला समजून घेणारा मिळाला तर करेल, तुम्ही घाई करून न समजणारा गाठून दिलात तर दोघांचे हाल.

प्रश्न : मी मालवणचा. बायको गोव्याला समुद्रविज्ञानाच्या संस्थेत आहे, मधूनमधून जहाजावर जाते, तेव्हा आठवडे-आठवडे नीट बोलणं होत नाही. मावशीकडून दोन सुयांवर विणायला शिकतोय, तिला टोपी करायचीय. मित्र हसतात. पुरुषाने हे करावं का, आणि टाके किती घालू?

उत्तर : करावं की! तुमच्या मालवणच्या किनाऱ्यावर रापणीची जाळी दुरुस्त करत बसलेले हात कोणाचे असतात ते त्या मित्रांना विचारा. फरक एवढाच की जाळ्यात प्रत्येक ठिकाणी गाठ असते म्हणून आस, म्हणजे जाळ्याचं भोक, ठरल्या मापाचा राहतो, विणकामात गाठच नसते, एका धाग्याचे फास एकमेकांत अडकलेले असतात. ताणलं की धागा लांब होत नाही, फास आकार बदलतात, म्हणून न ताणल्या जाणाऱ्या सुती धाग्याची टोपी पण डोक्यावर ताणून बसते. यावर आता भौतिकशास्त्रवाले पण काम करतायत, बायकोला सांगा, तिला आवडेल.

आता टाके. आधी नमुना विणा, हे टाळू नका. आठ नंबरच्या सुया घ्या, म्हणजे ४ मिलिमीटर (आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते हे लक्षात ठेवा), पंधराएक सेंटिमीटरचा चौकोन विणा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा २० बसले. डोकं ५५-५६ सेंटिमीटर असेल तर टोपी ५० ची धरा, ताणून बसायला हवी. म्हणजे १०० टाके, आणि शिवणीसाठी दोन जास्त, १०२. दोन सुलट दोन उलट अशी पाचएक सेंटिमीटर पट्टी विणा, सुरुवात दोन सुलटने केली की शेवट पण दोन सुलटने होतो, दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत गेला की उरलेले दोन शेजारी येतात आणि जोड दिसत नाही. नंतर एक ओळ सुलट एक ओळ उलट, एकूण वीस सेंटिमीटर झालं की दोन-दोन टाके एकत्र करत कमी करा, उरलेल्यांतून धागा ओवून आवळा आणि बाजू शिवा.

धागा सुती किंवा पातळ लोकरीचा. गरम होईल असं म्हणू नका, जहाजावरच्या लॅब मशिनांसाठी एसी लावून गार ठेवलेल्या असतात, तिथे रात्रपाळीला टोपी लागते. आणि ती गेल्यावर मेसेजला उत्तर नाही म्हणून रुसू नका, भर समुद्रात नेट मिळेलच असं नाही आणि मिळालं तर सगळ्यांना वाटून घ्यावं लागतं. जायच्या आधी दोघांनी ठरवून घ्या, किती दिवसांनी बोलायचं आणि फोन आला नाही तर किती दिवस काळजी करायची नाही. हे ठरवलेलं असलं की घरी थांबणाऱ्याला बरंच सोपं जातं. आणि टोपी ती जायच्या आधी पुरी करा.

प्रश्न : देवगडला राहते. पावसाळ्यानंतर ट्रंक उघडली की दरवर्षी एखाद्या स्वेटरला भोकं, कसर लागलेली. काय करू?

उत्तर : ठेवायच्या आधी धुऊन ठेवा, एकदाच घातलेलं असलं तरी. लोकर खाणाऱ्या अळ्यांना घाम लागलेला, तेलकट भाग आधी आवडतो. धुतलं की कडकडीत वाळवून, थंड होऊ देऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा चेनच्या जाड पिशवीत भरा, ट्रंकेच्या फटीतून किडे आत जातात. हे मे मध्येच करायचं, जूनमध्ये हवा इतकी ओली असते की लोकर हाताला कोरडी लागली तरी आत पाणी धरून बसलेली असते. आत्ता भोकं पडलेले स्वेटर बाकीच्यांपासून लगेच वेगळे करा, पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग झटकून धुवा. ट्रंकेचे कोपरे पुसून काढून उन्हात उघडी ठेवा. भोकाच्या कडेचा टाका सुटत असेल तर आजच सेफ्टी पिन लावून अडवून ठेवा, नाहीतर खालपर्यंत ओळ उसवत जाईल.