आधी सालिदोर, मग किंतो

चि. ... हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

कोंग्यावर, म्हणजे हातानं वाजवायच्या उंच क्यूबन ढोलावर, सोलो कधी सुरू करू, असं तू विचारलंस. आत्ता नाही. रुंबा म्हणजे क्यूबातलं ढोल, गाणं आणि नाच यांचं लोकसंगीत; ग्वाग्वांको हा त्याचा सगळ्यात जास्त वाजणारा प्रकार. त्यात तीन ढोल असतात : खर्जातला सालिदोर, मधला त्रेस-दोस आणि चढा किंतो. मनाला येईल ते वाजवायची मुभा फक्त किंतोला, आणि तोही नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघूनच बोलतो. बाकी दोघांचे खुले (मोकळे घुमणारे) बोल एकमेकांच्या मोकळ्या जागेत पडतात आणि त्यातून एक चाल उभी राहते. वर्षभर सालिदोर धर.

हा रुंबा वाढला हवाना आणि मातान्सास इथल्या गोद्यांवर आणि सोलारमध्ये, म्हणजे मधल्या अंगणाभोवती दाटीनं राहणाऱ्या गरिबांच्या बिऱ्हाडांत. क्यूबातली गुलामगिरी 1886 मध्ये संपली. ढोल हाताशी नसले की खोकी वाजत : खारवलेल्या माशांचं मोठं खोकं खर्जाला, मेणबत्त्यांचं छोटं वरच्या आवाजाला. ढोलांचं घराणं मात्र मुख्यतः गुलाम म्हणून आणलेल्या कांगोकडच्या लोकांचं. पूर्व क्यूबातलं 'सोन' हे गाणं-नाच हा वेगळा प्रवाह. त्याच्या वाद्यवृंदात कोंगा पक्का बसवला तो क्यूबन वाद्यवृंदप्रमुख आर्सेनियो रोद्रिगेसनं, 1940 च्या सुमारास. साल्सात तू जो तुंबाओ, कोंग्याचा कायमचा ठेका, वाजवतेस तो या सोनकडून आला आहे, रुंब्यातून नव्हे. दोन्हींची सरमिसळ करू नकोस.

आता क्लावे, म्हणजे दोन दांड्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा ठेका, ज्यावर बाकी सगळं बसतं. चक्राचे 16 भाग कर आणि पाय 1, 5, 9, 13 वर टाक. सोन क्लावेचे पाच ठोके 1, 4, 7, 11, 13 वर येतात. रुंबा क्लावेत तिसरा ठोका 7 ऐवजी 8 वर जातो, एवढाच फरक. पण तोच नवख्यांकडून घसरतो, कारण वेग वाढला की हात आपोआप 7 कडे ओढला जातो. मिनिटाला 80 पावलं धरून तोंडानं मोज, टाळी क्लावेची दे. चक्राच्या एका अर्ध्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोन; काही गाणी दोन ठोक्यांच्या बाजूनं सुरू होतात. कोणती बाजू, ते गाण्याच्या ओळीवरून ठरतं. एकदा सुरू झाल्यावर क्लावे उलटवायची नाही. आपण उलटे पडलोय असं कळलं, तर थांबायचं, ऐकायचं आणि पुन्हा शिरायचं. तसंच रेटत राहिलीस तर अख्खा वृंद लंगडतो.

तुंबाओत आठ आघात : डावा तळवा, डावी बोटं, उजवा स्लॅप (कडक चापट), डावी बोटं, डावा तळवा, डावी बोटं, उजवा खुला, उजवा खुला. क्लावेच्या एका चक्रात तो दोनदा बसतो. तबला-ढोलकीवरून आलेल्यांची इथे एक ठरलेली चूक होते. सर्वांत मोठा आवाज शेवटच्या दोन खुल्या बोलांचा, म्हणून कान तिथेच सम मानतो आणि सगळं सरकतं. सम पहिल्या, जवळजवळ न ऐकू येणाऱ्या तळव्यावर आहे. डावा हात बंद पडला तर तुंबाओ मरतो, मग उजवा कितीही कडक असू दे.

ग्वाग्वांकोत शिरण्याचा क्रम असा : आधी क्लावे, मग बांबूच्या नळीवर काठ्यांनी वाजणारं काता, मग सालिदोर, त्रेस-दोस. किंतो शेवटी. गायक गोष्ट सांगत असताना किंतोनं तोंड आवरायचं. कोरस सुरू झाला, जोडी नाचायला उतरली, की त्याची पाळी. साल्सातही हाच विवेक. कडव्याला तिंबालेस (काठ्यांनी वाजणारी धातूच्या ढोलांची जोडी) कडेच्या पत्र्यावर कास्कारा नावाचा ठेका वाजवतो, बोंगो (छोट्या ढोलांची जोडी) हलका राहतो. मोंतूनोत, म्हणजे कोरसच्या भागात, बोंगोवाला बोंगो ठेवून मोठी घंटा, कांपाना, उचलतो आणि तिंबालेसही आपल्या घंटेवर जातो. दोघांनी कडव्यातच घंटा धरली तर गायक बुडतो, आणि पुढे चढायला काही उरत नाही.

सुराचं थोडक्यात : कोंगा 'सा'ला लावलास तर त्याच्या जोडीचा मोठा ढोल, तुंबा, खालच्या 'प'ला. किल्ली प्रत्येक नटावर पाव फेरा, गोल फिरत. एकाच बाजूनं ताणलंस तर कडं वाकडं बसतं आणि खुला बोल फाटतो. वाजवून झालं की कातडं सैल कर. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ते दमट होऊन उतरतं, चढवून ठेवलंस तर कोरड्या दिवसांत तडकतं.

बाटा ढोलांबद्दलही विचारलं होतंस. इया, इतोतेले, ओकोंकोलो ही पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या परंपरेतली तीन दुतोंडी वाद्यं. दीक्षा दिलेले ढोल पूजेचे असतात. त्यांना हात लावायचा नाही, आणि परंपरेनं ते बायकांना वर्ज्यच. ही बंदी मलाही खटकते, पण घर ती परंपरा पाळणाऱ्यांचं आहे. दीक्षा नसलेले ढोल, ज्यांना आबेरिकुला म्हणतात, ते शिकायला आणि रंगमंचावर चालतात; हवानातला 'ओबिनी बाता' हा बायकांचा गट बाटाच वाजवतो. तिथून सुरू करायचं असेल तर ओकोंकोलो घे. सगळ्यात लहान ढोल, सगळ्यात थोडे आघात, आणि मोठ्या इयानं कितीही खेचलं तरी जागचं हलायचं नाही.