फवारणीची विषबाधा आणि अ‍ॅट्रोपिन

प्रश्न : शहापूरजवळच्या आमच्या मळ्यात भेंडीवर कीटकनाशक फवारताना माझे मामा कोसळले. ठाण्यातील रुग्णालयात डॉक्टरांनी पोट धुतले नाही, केवळ अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने देत राहिले. रात्री मामा असंबद्ध बडबडू लागले. दुसऱ्या दिवशी ते नीट बोलत होते, तरी त्यांना अतिदक्षता विभागातच ठेवले आहे. उपचारांत काही चुकले का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आपल्या वर्णनावरून तसे वाटत नाही. फवारणीत औषध अंगात शिरते ते मुख्यतः त्वचेतून आणि श्वासातून; तेव्हा पोट धुण्याने काही साधत नाही. खरी निकड असते ती भिजलेले कपडे उतरवून अंग आणि केस साबणाने धुण्याची.

ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. त्यामुळे डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम व लाळ सुटते, नाडी मंदावते आणि फुफ्फुसांत इतका स्राव साचतो की रुग्ण जणू आतल्या आत बुडतो. हा स्राव आटवण्यासाठी अ‍ॅट्रोपिन देतात. दर पाच मिनिटांनी छाती तपासून, गरज असेल तर मात्रा दुप्पट करीत जातात, ०.६ मिलिग्रॅमच्या डझनावारी कुप्या संपल्या, तरी त्यात वावगे काही नाही. छाती मोकळी झाली आणि नाडी व रक्तदाब सावरला की तीच मात्रा पुरेशी. पुढे शिरेत लावलेल्या ठिबकातून (ड्रिप) देताना ती अधिक झाली, तर ताप आणि बडबड सुरू होते. अशा वेळी ठिबक काही वेळ थांबवून कमी मात्रेने पुन्हा लावतात.

‘पाम’ (प्रॅलिडॉक्झिम) या, निकामी झालेले विकर पुन्हा कामाला लावण्यासाठी देतात त्या, दुसऱ्या औषधाविषयी मात्र तज्ज्ञांचे एकमत नाही. बारामतीतील अभ्यासात (२००६) मोठ्या मात्रेचा लाभ दिसला, श्रीलंकेतील अभ्यासात (२००९) दिसला नाही. त्यामुळे ते दिले किंवा न दिले, एवढ्यावरून डॉक्टरांना दोष देऊ नये.

शुद्धीवर आलेल्या रुग्णाच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू साधारण एक ते चार दिवसांत अचानक दुबळे पडू शकतात व कृत्रिम श्वासयंत्र लावावे लागते. डॉक्टर मामांना उशीवरून डोके उचलायला सांगत असतील, तर ते यासाठीच. त्यांना घरी नेण्याची घाई करू नका. औषधाची बाटली अजून मळ्यात असेल, तर लेबलासह डॉक्टरांना दाखवा. रक्तातील कोलिनेस्टरेज पूर्ववत होण्यास अनेक आठवडे लागतात; तोवर मामांना फवारणीपासून दूर ठेवा.