पुडीचं कातडं

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, नोकरी सांभाळून तबला शिकतो. दोन वर्षांपूर्वी दूध, तूप, मध सोडलं. चामड्याचा पट्टा, बूटही वापरत नाही. गेल्या महिन्यात तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावर ताणून बसवलेलं कातडं, फाटली. गुरुजी म्हणाले, नवी बसवून घे. पण पुडी बकरीच्या कातड्याची. मित्र म्हणतो, बकरी मटणासाठीच कापतात, कातडं तसंही उरतंच, तुला कसला दोष? मला हे पटत नाही आणि तबलाही सोडवत नाही. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे.

मी अकरा वर्षं व्हीगन आहे, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काही शक्यतो वापरत नाही, आणि आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवते. एकादशीला पखवाजाच्या डाव्या तोंडाच्या कातड्याला कणीक लावताना दर वेळी माझा हात क्षणभर थांबतो. त्यामुळे तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

मित्राचं म्हणणं सोयीचं आहे, म्हणूनच जपून घे. कातडं फुकट जात नाही, विकलं जातं आणि तो पैसा त्याच धंद्यात येतो. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना दूध सोडलं होतं. पुढे १९१८-१९ च्या आजारपणात कस्तुरबांनी सुचवलं, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं ना, मग बकरीचं घ्या. त्यांनी घेतलं. पण आपण व्रताचं अक्षर तेवढं पाळलं, ही टोचणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मला त्यांचं दूध घेणं खुपत नाही. पळवाटेला पळवाट म्हणायची त्यांची तयारी होती, ते मोठं वाटतं.

इंग्लंडमध्ये १९४४ साली व्हीगन सोसायटी निघाली. तिच्या व्याख्येतही ‘जितकं शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ असे शब्द आहेत. त्या शब्दांत किती मावतं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. माझ्यापुरतं सांगते. तीन वर्षांपूर्वी पखवाजाची पुडी गेली, तेव्हा मी कारागिराच्या दुकानात जाऊन बसले. बादलीत कातडं भिजत होतं, त्यावर केसांची मुळं दिसत होती. म्हातारबाबा शाईचा, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल लेपाचा, एकेक पातळ थर देत होते आणि दगडाने घोटत होते. मी ती पुडी बसवून घेतली. ती निर्दोष आहे असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

तुझ्यापुढे मात्र एक वाट आहे. बेंगळुरूच्या एका अभियंत्याने कृत्रिम पुडीचे मृदंग आणि तबले बनवले आहेत. ओळखीच्यांकडे असा तबला मी वाजवून पाहिला. ‘ना’ आणि ‘तिन’ हे बोल छान उठतात. डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्यावर, मनगट घासून येणारी घिस्सा मला हवी तशी मिळाली नाही. घरच्या रियाजाला, ठेका पक्का करायला तो भरपूर झाला. रोजची झीज त्याच्यावर गेली की कातड्याच्या पुड्या कितीतरी कमी लागतील. डग्गा शाबूत आहे ना? मग त्याला हात लावू नकोस. नुसती शाई उडाली तर त्याच कातड्यावर पुन्हा भरून मिळते, नवी पुडी लगेच घ्यायची नाही.

गुरुजींपासून हे लपवू नकोस. त्यांच्यासमोर शिकताना त्यांच्याच तबल्यावर वाजव, त्यात मला काही गैर दिसत नाही. आणि कारागिराला उपदेश करू नकोस, त्याची चूल त्यावर पेटते.

कृत्रिम तबला मिळाला की आधी गुरुजींना ऐकव. ते काय म्हणाले, ते मला जरूर कळव.