तीन मिलिलिटर औषध फुफ्फुसभर कसं पसरतं?

प्रश्न: माझी नात तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन जेमतेम सव्वा किलो. धाप लागली म्हणून डॉक्टरांनी नळीवाटे श्वासनलिकेत तीनेक मिलि पांढरं औषध सोडलं. एवढंसं औषध सगळीकडे पोचतं कसं? इंजिनिअर जावई म्हणतात, याचं गणित असतं. खरं का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर: खरं आहे, आणि आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला हेवा वाटावा इतकं सुबक आहे.

औषधाचं नाव सर्फॅक्टंट. ते पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आकसण्याची ओढ, उतरवतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसात ते पुरेसं नसतं, हे १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. मोठ्या नळ्यांत औषध वजनाने आणि श्वासाच्या रेट्याने पुढे सरकतं. बारीक नळ्यांच्या भिंतींवर मात्र काही मायक्रॉनचा ओला थर असतो. औषध पडलं तिथे ताण मीटरला २५ मिलिन्यूटनच्या आसपास उतरतो, शेजारी तो चढाच असतो. चढ्या ताणाची बाजू पृष्ठभागाला ओढते आणि खालचा द्रव फरफटत जातो. म्हणजे उणीव जितकी जास्त, तितकी ओढ जास्त!

थर इतका पातळ की द्रवाचा प्रवाह सांगणाऱ्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांतली बहुतेक पदं सरळ सोडून देता येतात. अज्ञात दोनच उरतात: थराची जाडी आणि पृष्ठभागावरचं औषध. पृष्ठभागाचा वेग म्हणजे जाडी गुणिले ताणाचा उतार (ताण अंतरागणिक किती बदलतो ते), भागिले श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा. पण औषध सरकलं की उतार बदलतो आणि जाडीही, म्हणून दोन्ही समीकरणं एकदमच सोडवावी लागतात. जेन्सन आणि ग्रोटबर्ग या संशोधकांनी १९९२ साली काढलेल्या उत्तरात आघाडीवर थर मूळ जाडीच्या दुप्पट फुगतो, मागे झिजत जातो. गोल डागाची त्रिज्या दुप्पट व्हायला सोळापट वेळ लागतो.

जावयांना स्टीलच्या ताटलीत पाण्याचा अगदी पातळ थर घेऊन मधोमध भांड्यांच्या साबणाचा थेंब टेकवायला सांगा. पाणी कडेला पळतं, कधी मध्ये ताटली उघडी पडते.

ताण आणि औषधाचं प्रमाण यांचं नातं सरळ रेषेचं धरणं ही गणिताची सोय. फुफ्फुस ते पाळेलच असं नाही. मोठ्या माणसांवर हा उपचार फसला, त्याचंही एक गणिती कारण २०१५ साली फिलोश, ताई आणि ग्रोटबर्ग यांनी मांडलं: नळ्यांच्या भिंती माखण्यातच बरंचसं औषध खर्ची पडतं.