भाऊ परदेशातून येईपर्यंत एम्बाल्मिंग करावंच लागतं का? झाड न तोडता अंत्यसंस्कार कसे करता येतील?

तुम्ही लिहिलंय की आई ८१ वर्षांच्या आहेत, ठाण्यात तुमच्याकडे असतात आणि अंथरुणाला खिळल्या आहेत. 'माझ्यासाठी लाकडं जाळायची नाहीत' असं त्यांनी बजावून ठेवलंय. भाऊ टोरंटोला, त्याला पोचायला दोन दिवस लागणार, म्हणून कुणीतरी एम्बाल्मिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून त्यात रसायनं भरणं, सुचवलं. मी २६ वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात तंत्रज्ञ होतो. हे काम मी स्वतःच्या हातांनी केलंय, म्हणून लिहितो.

अंत्यसंस्कार ठाण्यातच होणार असतील तर एम्बाल्मिंग नका करू. दोन दिवसांसाठी लागतो तो फक्त थंडावा. रुग्णालयाच्या शवागारात २ ते ४ अंश तापमानाला देह व्यवस्थित राहतो. घरीच ठेवायचं असेल तर काचेचं झाकण असलेली शीतपेटी भाड्यानं मिळते, शववाहिनीवाले आणून देतात. पेटीला सलग वीज लागते, एवढं पाहून ठेवा. एम्बाल्मिंग लागतं ते मृतदेह विमानानं न्यायचा असेल तेव्हा. त्याचं प्रमाणपत्र आणि बंद शवपेटी असल्याशिवाय विमान कंपन्या देह घेत नाहीत. मुळात ही पद्धत फोफावली तीच अंतरामुळे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात मेलेले सैनिक रेल्वेनं घरी पाठवायचे होते, म्हणून.

प्रत्यक्षात काय करतात तेही सांगतो, कारण नातेवाइकांना वाटतं एखादं इंजेक्शन देत असतील. जांघेत छेद घेऊन धमनी शोधायची, तिच्यात नळी बसवायची आणि उंचावर टांगलेल्या टाकीतून द्रावण सोडायचं. फॉर्मेलिन, स्पिरिट, ग्लिसरीन, फिनॉल असं मिश्रण, आठ-दहा लिटर सहज जातं. द्रावण पोचेल तसा हात ताठरत जातो. मऊ असलेला तळवा थोड्या वेळानं दाबला तर रबरासारखा लागतो. फॉर्मेलिन शरीरातली प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं, मग जंतूंना ती कुजवता येत नाहीत. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, हातमोजे काढले तरी बोटांचा वास दिवसभर जात नाही. फॉर्मेलिनमधला वायू म्हणजे फॉर्माल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तो माणसात कर्करोग करणारा ठरवला. आमच्या खोलीतला हवा बाहेर फेकणारा पंखा कित्येक महिने बंद पडून होता. अर्ज देऊन देऊन थकलो. तेव्हा दोन दिवसांच्या सोयीसाठी हे कुणाला करायला लावू नका. ज्यांच्यात दफन करतात, त्यांनी तर आणखी विचार करावा. आपल्याकडे दफनभूमीत जागा कमी, बऱ्याच ठिकाणी काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडावी लागते, आणि असा देह मातीत मिसळायला फार वेळ घेतो. साधं सुती कफन, पातळ लाकडाची पेटी किंवा पेटीच नाही, हे जमिनीला सगळ्यात सोसतं.

आता लाकडांचं. एका चितेला ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं, पावसाळ्यात ओलं असलं की जास्तच. विजेवरची किंवा गॅसवरची शवदाहिनी हे वाचवते. तीही निर्दोष नाही, आपली बरीचशी वीज कोळशातूनच येते आणि गॅसही जमिनीतलाच. पण आईंची इच्छा झाडाची आहे आणि ती इथे पूर्ण होते. चिताच हवी असा घरात कुणाचा आग्रह असेल, तर शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या मिळतात का पाहा. विदर्भात त्यांना मोक्षकाष्ठ म्हणतात. काही ठिकाणी गोवऱ्यांवरही दहन करतात. परदेशात आणखी वाटा निघाल्यात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार क्षारयुक्त गरम पाण्यात देह विरघळवण्याची पद्धत वापरली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं २०१९ साली देहाचं खत करण्याचा कायदा केला. आपल्याकडे यातलं काही लगेच हाताशी नाही.

माझ्या वडिलांना आम्ही जवाहरबागेतल्या स्मशानभूमीत दाहिनीत दिलं. आत्या अडून बसली होती, 'भडाग्नी कसा देणार, मडकं कुठे फोडणार?' सगळं झालं. मडकं फोडलं, अश्मा म्हणजे ते फोडायचा दगड घेतला, छातीवर कापूर ठेवून माझ्या भावानं अग्नी दिला, मग गाडी रुळांवरून आत गेली आणि लोखंडी दार खाली आलं. आत्या दाराजवळच हात जोडून उभी राहिली, धग लागत होती तरी हलली नाही. अस्थी सावडायला तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली नाही, संध्याकाळीच मिळाल्या.

काही गोष्टी आधीच करून ठेवा. आईंना पेसमेकर असेल तर दहनाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यावाच लागतो, उष्णतेनं त्याची बॅटरी फुटते. नायलॉनची साडी नको, सुती नेसवा, आणि हारांवरचं प्लास्टिक काढा. मृत्यू घरी झाला तर कारण लिहून देणारे डॉक्टर कोण, हे आजच ठरवा, नाहीतर मध्यरात्री दारोदार फिरावं लागतं. आणि दाहिनी चालू आहे की दुरुस्तीला काढलीय, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा.

देहदानाचाही विचार करा. हीच एक जागा जिथे फॉर्मेलिन वापरलेलं मला पटतं, कारण त्या देहावर मुलं पुढे कित्येक महिने शिकतात. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ. नवी मुंबईत नेरूळ, कामोठे इथे महाविद्यालयं आहेत. देह लवकर, शक्यतो सहा-आठ तासांत पोचावा लागतो, म्हणजे भावाला अंत्यदर्शन मिळेलच असं नाही. हे त्याच्याशी आत्ताच मोकळेपणानं बोला. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह घेत नाहीत, तेव्हा दाहिनीचा पर्याय तयार ठेवा. नेत्रदान मात्र दहनाआधीही करता येतं, सहा तासांच्या आत कळवा. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा.

अस्थी आणि राख खाडीत सोडायची नसेल तर शेतात, झाडाच्या बुंध्याशी पुरता येते. पण राख खारट असते, नुसत्या राखेत रोप लावलं तर मुळं जळतात. आम्ही मुरबाडच्या शेतात ती पुष्कळ मातीत आणि शेणखतात कालवली, मगच आंब्याचं कलम लावलं.

आणि आईंना एक विचारून घ्या: राख कुठे न्यायची? लाकडांचं त्यांनी सांगितलंय, हे सांगितलंय का? वडिलांना आम्ही विचारलं नव्हतं. मुरबाडला नेताना आत्या वाटभर म्हणत होती, त्याला समुद्र आवडायचा.